वैशाखऱ्याच्या खळ्यावर चुकलेला प्रश्न

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं घर. भात माघापर्यंत पुरायचं; पुढे आई-बाबा आम्हा भावंडांना घेऊन वीटभट्टीवर जायचे. मी तीन इयत्ता अशा अर्ध्यावर सोडल्या. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे सांगताना मान ताठ होते, ती होऊ दे.

दिवाळीनंतर मुंबईहून शहापूरला निघाले तेव्हा माझा प्रबंध जवळजवळ पूर्ण होता. महागाई आवरायला मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते, तेव्हा शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतल्या रोजगाराचं काय होतं, हा विषय. दर वाढण्याआधी मी गावोगाव फिरून फॉर्म भरले होते, वाढल्यावर गेल्या वर्षी फोनवरून. दोन्ही वेळा भातझोडणीच्या दिवसांत. उत्तर आलं: रोजगाराला धक्का नाही. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती, त्याआधी प्रबंध द्यायचा होता. आता फक्त चार फोटो हवे होते.

शहापूरला फोटोसाठी कॅमेरा काढला आणि हात तसाच राहिला. इमारतींचे नुसते खांब उभे, बाहेर आलेल्या सळयांवर रखवालदाराचा शर्ट वाळत घातलेला.

"कर्ज महागलं, फ्लॅट कोण घेतंय?" रखवालदार म्हणाला. "मिस्त्री लोक गेल्या वर्षीच गावी गेले."

माझ्या फॉर्मात तर ते सगळे कामावर होते!

त्या मिस्त्र्यांच्या गावाला, वैशाखऱ्याला, जायला मुरबाडला गाडी बदलली. टोकावडे गेलं, आणि विचारांच्या नादात वैशाखरेही मागे पडलं. कंडक्टर ओरडला, "बाई, माळशेज बघाया निघाल्या काय?" भर उन्हात उलटं चालत आले.

खळ्यावर दहाबारा जणं भाताच्या पेंढ्या आपटत होती. त्यात काशिनाथदादा, शहापूरच्या साइटवरचा गवंडी.

"दादा, साइट बंद होती, तरी फोनवर काम आहे म्हणालात?"

"मग हे काय, खेळतोय आमी? तू इचारलंस, गेल्या आठवड्यात काम केलंत का? केलं. साती दिवस केलं."

"आणि मजुरी?"

सगळं खळं हसलं. दादा म्हणाले, "सावडीला मजुरी? कुठली गो तू? तुझा बाप झोडाया जायचा, तवा पैसं मागायचा काय?"

सावड (आज तुम्ही माझ्या खळ्यावर, उद्या मी तुमच्या) मला शिकवायची गरज नव्हती. तिथेच तर घात झाला. परक्याने मजुरी आधी विचारली असती. मी घरच्यासारखं विचारलं. सावडीला गेलेल्या माणसाला रिकामा म्हणणं आमच्याकडे शिवी आहे.

मी पेंढ्यावर बसले. काशिनाथदादाच्या बायकोने, शेवंतावहिनीने, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. व्याजदर का वाढवतात, ते तिला सांगितलं.

"म्हंजे भाव खाली यावा म्हणून यांना परांचीवरनं खाली उतरवलं?" ती म्हणाली. "आन भाव कुठं आलाय खाली? तेल बघ जा दुकानात."

मी वही काढून काशिनाथदादाच्या नावापुढे लिहिलं: मजुरी शून्य.

परतल्यावर मार्गदर्शक बाईंना म्हटलं, "माझं उत्तर खोटं आहे." त्या म्हणाल्या, "कुणाला कळणार नाही." आणि लगेच, "पण तुला कळलंय."

शिष्यवृत्ती गेली. वर्षभर मुरबाडला शिकवण्या घेत मी घरोघरी पुन्हा गेले आणि एकच विचारत राहिले: दर वाढण्याआधीच्या आणि नंतरच्या त्या आठवड्यात मजुरीचे दिवस किती? उत्तर उलटं निघालं. व्याजदर वाढल्यावर आमच्या माणसांची मजुरी आटली होती.

त्या उत्तरावर मला डॉक्टरेट मिळाली.