पाचव्या रांगेतला हशा

दिगंबर मोघेबद्दल लिहा, असं मला याआधीही सांगण्यात आलं होतं. दरवेळी मी काहीतरी कारण काढलं… डोळे, तब्येत, नातवाचं लग्न. खरं कारण असं की दिगूबद्दल लिहायचं म्हणजे जयपूरच्या बनी पार्क वस्तीतल्या त्या संध्याकाळबद्दल लिहावं लागणार, आणि ती मला स्वतःलाच अजून नीट कळलेली नाही. गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा, मीनाचा, फोन आला. ती जयपुरातच वाढली, तिच्या मराठीत हिंदी आपसूक येते. "काका, बाबा गेले… मतलब, झोपेतच." मग थोडं थांबून, "सभेत तुम्ही बोला, पण काही हसण्यासारखं सांगा." मी बोललो, लोक हसलेही. त्यानंतर मराठी मंडळातले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, मोघे फार मोठा झाला असता, पण मुंबईचा माणूस समोर आला आणि त्याने कच खाल्ली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीनानेही. 

पन्नासच्या दशकात मी विम्याच्या नोकरीत बदली होऊन साताऱ्याहून जयपूरला आलो. दिगू मूळचा अमरावतीचा, एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर आलेला. कंपनी अजमेरला बुडाली, मालक पसार झाला, सामानाची वाटणी झाली तेव्हा दिगूच्या वाट्याला एक ट्रंक आली. तिच्यात नुसत्या दाढ्या होत्या. या दाढ्यांवर मी संसार उभा केला, असं तो सांगायचा, आणि कुसुमवहिनी म्हणायच्या की म्हणूनच तो सारखा गळून पडतो. शेठजींच्या घरची लग्नं, शाळांची संमेलनं, सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांच्या बंगल्यांवरची चहापानं, मिळेल तिथे तो एकट्याने विनोदी कार्यक्रम करी. एकदा गुरांच्या जत्रेत त्याच्या ऐन रंगलेल्या प्रवेशात हरवलेल्या बैलाची घोषणा झाली आणि सबंध संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा बैलाने घेतला. पुढच्या कार्यक्रमापासून दिगूने तो बैल आपल्या प्रयोगात घेतला.

त्याचा गाजलेला प्रवेश जेवणाचा होता. मारवाडी यजमान आग्रह करतो आहे, बदलून आलेला मराठी कारकून नको नको म्हणतो आहे, आणि दोन्ही माणसं दिगूच. बराच वेळ शब्दच नाहीत. शेवटी कारकून ताटावर हात आडवा धरतो, यजमान त्या हातावरच तूप ओततो, आणि कारकून आपल्या हाताकडे बघत राहतो. तिथे हशा यायला हवा. पण आमच्या मंडळात सगळे बदलीवाले. साहेब हसल्याशिवाय हेडक्लार्क हसत नसे, आणि साहेब आपल्याहून मोठ्या साहेबाकडे बघत बसत. मला मात्र देवाने दूधवाल्याच्या रिकाम्या बरणीसारखं हसू दिलं होतं, एकदा खडखडलं की थांबत नसे. दिगूने ते हेरलं. तेव्हापासून मी पाचव्या रांगेत कडेला बसायचो आणि तूप पडलं की हसायचो. मग सगळ्यांना परवानगी मिळाल्यासारखं होई. कार्यक्रमाआधी तो मला ज्येष्ठमधाची कांडी देई, घशासाठी. अशी आमची कैक वर्षं गेली. रविवारी दोघं सायकलींवर शहराबाहेर कानोता गावाच्या बांधावर जायचो, तिथे तो नवे प्रवेश आधी मला करून दाखवायचा.

सन साठनंतरची गोष्ट. मुंबईचे एक नाट्यठेकेदार नातलगाच्या लग्नासाठी बनी पार्कात उतरले होते. मंडळाने तिथल्याच एका आवारात दिगूचा कार्यक्रम ठेवला. आवडला तर मुंबईला नेतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. कुसुमवहिनींनी शेजारणीला तुळशीची कुंडी सांभाळशील का म्हणून विचारूनही ठेवलं होतं. दिगूने ठेकेदारांशी माझी ओळख करून दिली. "हा आपला हसणारा," म्हणाला. ठेकेदार माझ्याच रांगेत बसले.

दिगू त्या दिवशी घाबरला नव्हता. हे मला पहिल्यांदा लिहायचं आहे. इतकं सुंदर काम मी त्याचं कधी पाहिलं नाही. तूप ओतलं गेलं, कारकून हाताकडे बघू लागला… आणि मी हसलो नाही. दिगूने वाट पाहिली. हात तसाच आडवा. साहेब लोक ठेकेदारांकडे बघत होते, ठेकेदार घड्याळाकडे. मग दिगू घाईने बोलू लागला, एकेक जागा सोडत गेला आणि प्रवेश कसाबसा गुंडाळला.

का हसलो नाही? तो गेला तर माझे रविवार रिकामे होतील, म्हणून? 'हसणारा' हा शब्द टोचला म्हणून? ठेकेदारांना मी भाडोत्री वाटेन, म्हणून? की त्या कारकुनात मला मीच दिसलो, परमुलखात हातावर तूप घेऊन बसलेला, आणि हसायचं विसरलो? बायकोला मी वेगवेगळ्या वेळी ही सगळी कारणं सांगितली आहेत. सांगताना प्रत्येक खरं वाटलं.

कार्यक्रमानंतर दिगू दाढी सोडवत माझ्याकडे आला. "काहून बे, घसा बसला होता काय?" मी हो म्हणून मान हलवली. त्याने खिशातून आणखी एक कांडी काढून दिली. त्यानंतर तो आयुष्यभर जयपुरातच लग्नं आणि संमेलनं करत राहिला, मी पाचव्या रांगेत वेळेवर हसत राहिलो, आणि तो पडला, तो घाबरला, हे मंडळात वर्षानुवर्षं ऐकत राहिलो. त्याला खरं ठाऊक होतं का? त्याने कधी विषय काढला नाही. पण भेटला की कांडी द्यायचा, निवृत्तीनंतरही.

शेवटच्या भेटीत मी खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मीना त्याला खिचडी भरवत होती. त्याने ताटलीवर हात आडवा धरला आणि त्या हाताकडे बघत राहिला. मी हसलो, ठसका लागेपर्यंत. "घसा सुटला बे तुझा," तो म्हणाला. वाक्य माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात त्याचा डोळा लागला, आणि मी गुरुवारी येतो असं मीनाला सांगून निघालो.

सभेनंतर मीनाने त्याच्या कोटाच्या खिशातली कांडी माझ्या हातावर ठेवली. "बाबा म्हणायचे ही काकांची, त्यांचा घसा नाजूक आहे." ती आता माझ्या टेबलावर आहे. दिगू, त्या दिवशी माझा घसा ठणठणीत होता…