कान्हाचा डावा गुडघा

शनिवारी शिरवणे गावातली माणसं उशिरा उठतात आणि हरेश लवकर निघतो. खेळ सुट्टीच्या दिवशी होतात, म्हणून खेळ दाखवणाऱ्यांना सुट्टी नसते. महाप्याच्या एमआयडीसीत पूर्वी रंगाचा कारखाना होता, त्या शेडमध्ये आता एका क्रीडा वाहिनीचं ऑफिस आहे. खिडक्या बुजवलेल्या, एसी कडक. हरेश तिथे क्लिपा कापतो. सामना चालू असताना षटकार, गोल, पकड, भांडण, अश्रू, जे जे पुन्हा बघावंसं वाटेल ते कापायचं, खाली संगीत घालायचं आणि लोकांच्या फोनवर सोडायचं. दुसऱ्या वाहिनीच्या आधी.

या कामात त्याची बरीच वर्षं गेली. डोळे कोरडे पडतात, मान एका बाजूला धरते. घरी कुणी सामना लावला की तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. कधीकाळी तो गावच्या संघात कबड्डी खेळायचा. भात कापून झालं की रिकाम्या शेतात मैदान आखायचे. पुढे शेतं गेली, मैदानही त्यांच्याबरोबर गेलं, आणि त्या जागेवरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आता मुलांना खेळायला मनाई आहे.

त्या शनिवारी डबा खाताना आशुतोषने त्याला छेडलं. आशुतोष शिफ्टचा प्रमुख, हरेशहून बराच लहान.

"दादा, तुम्हाला खेळ आवडतच नाही ना?"

"खेळ आवडतो. हा धंदा हाय."

"मग सोडा की."

"फॅक्टरीत मशीन घासलं की पार्ट बदलतात. इथं पण तेच. फरक एवढाच, मशीनला कोणी टाळ्या नाय वाजवत."

"भारी लाइन आहे. कॅप्शनला टाकू?"

"टाक. खाली जाहिरात वंगणाची लाव."

आशुतोष हसला. हरेशने डबा बंद केला. बोलून काही होत नाही, हे त्याला माहीत होतं. पण इतकी वर्षं खेळाडूंचे चेहरे मोठे करून बघितल्यावर काही गोष्टी डोळ्यांतून जात नाहीत. करार संपायच्या वर्षात खेळाडू पडला तरी कसा उठून उभा राहतो, दुखत असताना कॅमेऱ्याकडे बघून कसा हसतो. प्रेक्षकाला ती जिद्द वाटते. हरेशला त्यात नोकरी जाण्याची भीती दिसते, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असते तशीच.

दुपारी कान्हाचा फोन आला. कान्हा त्याचा भाचा, बोनकोड्यातल्या बहिणीचा, जागृतीचा मुलगा. हरेशनेच त्याला चढाई शिकवली होती. आता तो मोठ्या लीगमध्ये खेळत होता आणि रविवारच्या सामन्यासाठी संघाबरोबर दुसऱ्या शहरात होता. हरेश जिन्यात जाऊन बोलला.

"मामा, गुडघा गेलाय."

"कुठला?"

"डावा. वलताना आतून सरकतो. आईला नको सांगू."

"टीमच्या डॉक्टरला दाखवलास?"

"काय बोलतंस मामा. उद्या शेवटची मॅच. त्याच्यानंतर ठरवनार, पुढच्या वर्षी कुनाला ठेवायचं. दाखवला तर बसवतील, आनि बसवला की संपला. उद्याचा दिवस काढायचा हाय फक्त. पट्टी बांधून खेलतो."

"आणि वळशील कसा?"

"उजवीकडनं. कुनाला कलनार नाय. तुला तरी कललं का इतके दिवस?"

हे हरेशला लागलं. जागेवर येऊन त्याने कान्हाचे मागचे सामने काढले. आता माहीत असल्यामुळे सगळं दिसलं. बाद होऊन उठताना हात आधी जमिनीवर टेकायचा. मध्यरेषेकडे परतताना डावा पाय नुसता सोबतीला असल्यासारखा यायचा.

मोठ्या सामन्याआधी या ऑफिसात प्रत्येक महत्त्वाच्या खेळाडूची दोन पॅकेजं, म्हणजे जुन्या क्लिपा जोडलेले छोटे व्हिडिओ, करून ठेवायची रीत आहे. एक तो चमकला तर, दुसरं तो पडला तर. सामना संपल्यावर जमवत बसलं तर उशीर होतो. म्हणून आनंद आणि दुःख दोन्ही आधीच कापून तयार ठेवायचं. निकाल लागला की हवं ते सोडायचं, नको ते पुसायचं. न घडलेली कितीतरी दुःखं हरेशने अशी पुसली होती.

कान्हाची दोन्ही पॅकेजं त्याच्याच वाट्याला आली. क्रिकेट झालं, फुटबॉल झाला, आणि संध्याकाळी डोकं बधिर झाल्यावर तो त्यांना लागला. पहिलं सोपं होतं. दुसऱ्याला हात आपोआप चालला. टेकलेला हात, ओढलेला पाय, मांडीवरची मूठ, एकामागोमाग एक, सावकाश केलेले. गुडघ्याभोवती त्याने एक फिकट वर्तुळही काढलं. वाईट व्हायचंच असेल, तर निदान माझ्या हातचं लोकांपुढे जावं, पोराचा मान राखून, असं त्याला वाटलं. ते उद्याच्या सामन्यानंतरचं होतं. नाही लागलं तर पुसून टाकायचं. नेहमीप्रमाणे त्याने दोन्ही पॅकेजं सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकली आणि तो घरी गेला.

रविवारी सकाळपासून तो महिलांच्या क्रिकेट सामन्यावर होता. कानांवर हेडफोन, मागे कोण काय करतं याचा पत्ता नाही. दुपारी चहाला उठला तेव्हा आशुतोष खुशीत होता.

"दादा, काय बनवलंय. सकाळी सोडलं, आज सगळ्यात जास्त तेच चाललंय."

"कुठलं?"

"कान्हाचं. गुडघ्याचं. हेडिंग दिलं, कान्हाचा गुडघा आज साथ देईल का?"

हरेशने कप खाली ठेवला. "ते नंतरचं होतं."

"नंतर कोण बघतं, दादा?"

"काढ ते."

"आता काढून काय उपयोग? लोकांनी उतरवून घेतलंय. दुसऱ्या दोन पेजवर पण फिरतंय. झालं काय पण? तुमचा भाचा आहे म्हणून? फेमस होतोय तो."

हरेशने कान्हाला फोन लावला. बंद. मग आठवलं, सामन्याआधी खेळाडूंचे फोन काढून घेतात. त्याच्या संघाच्या मॅनेजरचा नंबर ऑफिसात होता. तो लावायचा म्हणजे गुडघ्याचं आपल्या तोंडाने सांगायचं, कान्हाचा करार आपल्या हाताने फाडायचा. कदाचित मॅनेजरने व्हिडिओ बघितलाच नसेल. कदाचित समोरच्या संघानेही नसेल. हरेश नंबर समोर घेऊन बसला. प्रत्येक संघात एक माणूस दिवसभर हेच बघायला ठेवलेला असतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. तो बसून राहिला तोवर पडद्यावर दोन्ही संघ मॅटवर आले.

कान्हाच्या पहिल्या चढाया बऱ्या गेल्या. एक गुण, मग बोनस. हरेशने श्वास सोडला. मग समोरच्या संघाचे कॉर्नर, म्हणजे दोन टोकांना उभे राहून पकड करणारे गडी, जागा बदलताना दिसले. त्यांचा सगळ्यात ताकदीचा गडी कान्हाच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. पुढच्या चढाईत कान्हा उजवीकडून वळला, कारण दुसरीकडून वळताच येत नव्हतं, आणि मागे राहिलेला डावा पाय त्या गड्याने घोट्यापाशी धरला. दुसऱ्याने वरून अंग टाकलं. पकड नियमात बसणारी होती. पाय नियमात बसेल असा वळला नाही.

शेडमध्ये कुणीतरी "आई गं" म्हटलं. मग सगळे कामाला लागले.

"दादा," आशुतोष हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही नका करू. मी दुसऱ्याला देतो."

"मी करतो."

ती पकडीची क्लिप दुसऱ्याने केली असती तर सावकाश, तीन कोनांतून, खाली सतार. हरेशने एकदाच दाखवली, नेहमीच्या वेगात.

"म्युझिक?"

"नको."

आशुतोषने वाद घातला नाही. क्लिप गेली आणि आकडे चढायला लागले.

सामना संपल्यावर बऱ्याच वेळाने कान्हाचा फोन आला. मागे स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज होता.

"मामा, त्यांचा कॉर्नर सारखा ओरडत होता, डावा, डावा. त्यांना कसं कललं रे?"

हरेश पुन्हा जिन्यात उभा होता. गप्प राहता आलं असतं. कुठल्यातरी पेजवर काहीतरी फिरत होतं, एवढं म्हणूनही भागलं असतं.

"मी बनवलेला व्हिडिओ. तू सांगितल्यावर बनवला. मॅचनंतरसाठी होता, पण सकाळीच गेला."

चाकं थांबली. कुणीतरी कान्हाला पाय हलवू नको म्हणून सांगत होतं.

"तू?" कान्हा म्हणाला.

"हां."

चाकं पुन्हा सरकायला लागली.

"आईला तूच सांग मग. मी नाय सांगनार."

फोन बंद झाला. हरेशने रजा मागितली नाही, नुसता निघाला. अजून एक फुटबॉलचा सामना बाकी होता.

बोनकोड्यात दिवेलागण झाली होती. जागृती दारातच होती, हाताला पीठ. मुलाचा सामना ती कधी बघत नाही, भीती वाटते म्हणून. संपल्यावर भाऊ क्लिप पाठवतो, ती बघते.

"ये. आज काय पाठवलंच नाय? कान्हा पन फोन नाय उचलत. जिंकले काय?"

हरेशने चप्पल काढली नाही.

"सकालचा व्हिडिओ तूच केलास ना?" ती म्हणाली. "सगल्यांना पाठवला मी. कसा दिसतो पोरगा माझा. पन ते गुडघ्याला गोल काय काढला होतास?"

"जागृती, हात धू. बस जरा."

"तो बरा हाय ना?"

"जिवाला काय नाय."

ती हात न धुता बसली. सांगायचं कुठून हे हरेशने वाटेत ठरवलं होतं. पकडीपासून सुरुवात केली तर पुढचं ती काही ऐकणार नाही, आणि त्याने काय केलं ते सांगायचं राहून जाईल. म्हणून त्याने शनिवारपासून सुरुवात केली, आपल्यापासून.