विमलने लिहून ठेवलेले पान

माझी धाकटी बहीण विमल गेली, हे तिचा मुलगा प्रसाद याने मला सकाळी फोनवर कळवले. बातमी सांगून झाल्यावर त्याच दमात तो म्हणाला, "एस्तूला काही सांगितलेलं नाही, मामा. तिला काय कळतंय." एस्तेर ही विमलची थोरली मुलगी. वय चौतीस, जन्मापासून डाउन सिंड्रोम. ज्या तीन शब्दांशी माझ्या बहिणीने आयुष्यभर भांडण केले, ते तिचा श्वास थांबल्यावर दोन तासांच्या आत तिच्याच घरात उच्चारले गेले.

तिच्या मातीला मला पोहोचता आले नाही. तीन आठवड्यांनी नेवाशाजवळच्या त्यांच्या गावी, चर्चमध्ये स्मरणसभा झाली. एका शिक्षकमित्राने विमलबाई म्हणजे सहनशीलतेची मूर्ती होत्या असे सांगितले. पाळकसाहेबांनी आईच्या प्रार्थनेने मुक्या लेकराला वाचा फुटल्याची साक्ष दिली. शेवटी प्रसादने माझ्याकडे पाहत, मामांनी शिस्त लावली म्हणून ताई बोलू लागली, असे सर्वांसमोर कृतज्ञतेने सांगितले. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने स्मरणसभेत उठून वाद घालू नये, एवढे मला कळते. म्हणून येथे लिहितो. ही तिन्ही विधाने असत्य आहेत, आणि तिसरे सर्वांत अधिक.

विमल सहनशील नव्हती. ती प्राथमिक शाळेची शिक्षिका होती आणि तिला फार लवकर राग येत असे. एस्तेर चार वर्षांची झाली तरी दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नव्हती. शेजारपाजारचे म्हणत, "देवाचं लेकरू हाय, बाई. बोलून तरी काय करायचंय त्याला?" विमल त्यांना विचारी, "तुमची काय सैतानाची आहेत? ती कशाला बोलायला शिकवलीत?" थंडीच्या दिवसांत पाठीमागून हाक मारली तर मुलगी वळत नाही, मात्र समोर बसले की ओठांकडे टक लावून पाहते, हे विमलनेच हेरले. तिला घेऊन ती नगरला कानाच्या डॉक्टरांकडे गेली. पडद्यामागे पाणी साचत होते. अर्धे बोलणे त्या लेकराच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हते, आणि आम्ही सारे तिच्या बुद्धीचे माप काढत बसलो होतो.

मुलगी ऐकण्यापेक्षा पाहून लवकर शिकते, हेही विमलला वर्गातल्या अनुभवाने उमगले. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर ती ठळक अक्षरांत शब्द लिही. आई, दूध, चप्पल, शेळी. आधी चित्रासह, मग चित्राविना. मग दोन पत्रिका शेजारी ठेवून "दूध गरम", "शेळी पळाली". बोलता येण्याआधी ही मुलगी वाचू लागली होती, आणि वाचलेला शब्द हळूहळू जिभेवर येत होता. शब्दाबरोबर विमल हाताची खूणही करी. दोघी समोरासमोर, उजेडात बसत. शाळेतून दमून आल्यावर रोज, रविवारीसुद्धा. प्रार्थना तीही करीत असे. पण प्रार्थना संपल्यावर पत्रिका काढीत असे. चमत्कार झाला असे एकदा ठरवले, की ऐकणाऱ्या दुसऱ्या आईला घरी जाऊन काही करण्याची गरज उरत नाही. पाळकसाहेबांच्या साक्षीबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

आता माझ्या शिस्तीविषयी...

मी त्या वेळी मुख्याध्यापक होतो आणि मला सर्व काही ठाऊक होते. हातवाऱ्यांनी जीभ आळसावते, हे माझे ठाम मत. एका मे महिन्यात विमलला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला जावे लागले, म्हणून एस्तेर नगरला माझ्याकडे राहिली. मी घरात सक्त ताकीद दिली की खुणेला कोणी उत्तर द्यायचे नाही. तिने अंगठा ओठांना लावून पाणी मागितले. मी भरलेला पेला समोर ठेवून "पाणी म्हण" असा हट्ट धरला. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी खूण करून माझ्याकडे पाहत राहिली. तिसऱ्या दिवसापासून तिने खुणा सोडल्या. घर शांत झाले, आणि मी पत्नीला म्हणालो, पाहिलेस, तीन दिवसांत वळण लागले.

विमल परतली तेव्हा एस्तेर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. आईला पाहूनही तिने ते बाहेर काढले नाहीत. विमलने तिच्यासमोर बसकण मारली, बराच वेळ स्वतःच खुणा करीत राहिली, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "दादा, तिच्याकडे होतं नव्हतं तेवढं बोलणं तुम्ही काढून घेतलंत." मुलीने पुन्हा एखादी खूण करायला पावसाळा उलटावा लागला. माझ्या घराची पायरी विमल दोन वर्षे चढली नाही. प्रसाद तेव्हा पाळण्यात होता. त्याने ही गोष्ट कुठून आणि कोणत्या रूपात ऐकली, मला ठाऊक नाही. त्याने दिलेले श्रेय मी परत करतो.

स्मरणसभेला एस्तेरला आणलेच नव्हते. मी तडक विमलच्या घरी गेलो. तीन आठवडे ती आईविषयी रोज विचारीत होती आणि तिला रोज वेगळे उत्तर मिळत होते. कधी दवाखाना, कधी पुणे, कधी देवाचे घर. दवाखान्यातल्या आमच्या शेवटच्या भेटीत विमल मला म्हणाली होती, "वही कपाटात आहे, दादा. प्रसादला सांगितलंय. मी गेले की तिला वाचायला द्या. समजावत बसू नका, वाचायला द्या." एस्तेरच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी गोष्ट विमल अशाच वहीत लिहून तिच्याकडून वाचून घेत असे. ती वही नंतर तरी दिली असेल असे मी गृहीत धरले होते. ती कपाटातच होती.

"मामा, रडेल ती. कोण सांभाळणार?" प्रसाद म्हणाला.

"रडू दे की. आई तिचीही गेली आहे."

मी एस्तेरसमोर उजेडात बसलो आणि वही उघडून दिली. एका पानावर एक वाक्य, आजारपणात थरथरलेल्या, तरी ठळक अक्षरांत. शब्दांखाली बोट फिरवत तिने वाचले. "आई आजारी आहे." पान उलटले. "आई दवाखान्यात गेली." पुढचे पान तिने आधी मनात वाचले. मग मोठ्याने. "आई वारली. आई परत येणार नाही."

ती रडली नाही. तिने पुढचे पान उलटले. ते कोरे होते. माझ्या खिशातले पेन काढून तिने माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "लिही."

काय लिहू, असे मी विचारले. तिला वेळ लागला. वडील वारले तेव्हा ती सात वर्षांची होती. आईचा हात धरून ती त्यांच्या मातीला गेली होती, मूठभर माती तिनेही टाकली होती. प्रसाद दारात उभा होता. एस्तेर त्याच्याकडे पाहत, एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, आणि मी ते तसेच, मोठ्या अक्षरांत, विमलच्या पानापुढच्या पानावर उतरवला...

"मला मातीला नेलं नाही."