कंपनीने दिली तशी

जुनी मोटरसायकल घेतली की फुकटचे सल्लागार मिळतात. लग्न ठरल्यावर किंवा गुडघा दुखायला लागल्यावर मिळतात त्याहून जास्त. मी बाई असल्यामुळे मला जरा जास्तच मिळाले, आणि झाडून सगळे पुरुष होते हे वेगळं सांगायला नको.

गाडी घेतली ती कर्वेनगरातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडून. आमच्या सोसायटीच्या मागे चौघं मिळून राहायचे, त्यातला हा नागपूरकडचा. शिक्षण संपवून घरी निघाला होता. गाडी चांगली होती, फ्युएल इंजेक्शनची, फारशी न पळवलेली. पण त्याने तिचं जे काही करून ठेवलं होतं त्याला तो ‘मॉडिफाय’ म्हणत होता. मूळ सायलेन्सर काढून एक आखूड नळकांडं बसवलेलं. मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा गायब. साडीगार्ड गायब. नंबरप्लेट आकाशाकडे तोंड करून होती, म्हणजे पोलिसांना नाही तरी घारींना वाचता यावी.

मूळ सायलेन्सर त्याने पोत्यात घालून दिला. दांडा पलंगाखाली सापडला. साडीगार्डचं विचारलं तर म्हणाला, "तो तं मी पहिल्याच दिवशी काढला नं, ताई. कोण ठेवते तो? म्हाताऱ्या माणसाची गाडी दिसते." आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून जीभ चावली. निदान तेवढं घरचं वळण होतं.

आता मला गाडी का हवी होती ते सांगते. एक कारण, मला हवी होती. ते पुरेसं आहे. दुसरं कारण आई.

आईचं माहेर हडपसरपलीकडच्या मांजरी गावचं. गावातच दिलेली तिची थोरली बहीण, माझी मावशी, खाटेला खिळली होती. आपल्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून बाजाराला चालली होती, गतिरोधकावर उडून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मावशी काही उठली नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. आधी बराच वेळ चालायचा, मग थोडा, आणि शेवटी शेवटी तर "कधी येतीस?" एवढंच विचारून ती फोन मुलाकडे द्यायची. आई फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची.

तुम्ही म्हणाल, कर्वेनगरहून मांजरीला जायला काय होतं? आईला गाडी लागते. बंद गाडीत बसली की स्वारगेट यायच्या आत ओकते. मावशीला दवाखान्यात बघायला कॅबने नेली होती, तर पोचल्यावर नर्सने आधी आईलाच निजवलं. बसचं तेच. आणि आमच्याकडचा रिक्षावाला मांजरी म्हटलं की असा चेहरा करतो, आपण जणू त्याची किडनी मागितली. बाबा होते तोवर आई त्यांच्या स्कूटरवर मागे बसून माहेरी जायची. बाबा गेले, स्कूटरही गेली. म्हणून मोटरसायकल. पण गाडी दारात आली आणि आईने एकदा खाली येऊन ती पुढून-मागून बघितली.

"मी नाही बसायची ह्याच्यावर," ती म्हणाली. "आणि सगळ्या सोसायटीला कळवूनच निघायचं असेल तर पत्रिका छाप."

एवढं बोलून वर गेली. कारण विचारायची मला गरज वाटली नाही, ते उघड होतं. मावशी पडली तेव्हा तिचा पदर चाकात गेला, असं तिच्या मुलाने सगळ्या भावकीला सांगितलं होतं. हा माझा मावसभाऊ. उसाची जमीन बिल्डरला देऊन गावभर बुलेटप्रूफ असल्यासारखा हिंडणारा. त्यानेही आपल्या गाडीचं साडीगार्ड आणि दांडा काढून टाकला होता, गाडी ‘क्लीन’ दिसावी म्हणून. गतिरोधकावर वेग कमी करायचा असतो हे त्याला चाळिशीतही कुणी शिकवलेलं नव्हतं. पण दोष कुणाचा, तर पदराचा. नाचता येईना अंगण वाकडं. साडी नेसणाऱ्या बायकांनी त्याच्या गाडीची शोभा घालवली म्हणून त्याने त्यांनाच माफी मागायला लावली नाही, हेच नवल.

म्हणजे आईला न्यायचं तर साडीगार्ड हवं, दांडा हवा, आवाज बंद हवा. थोडक्यात गाडी पुन्हा कंपनीने दिली तशी करायची. यात ठरवायचं काय, असं वाटेल. पण खोटं कशाला बोलू, तो आवाज मला आवडायला लागला होता. चाळिशी उलटलेल्या बाईकडे रस्त्यात कुणी वळून बघत नाही. त्या नळकांड्यामुळे बघायचे. खराडीला ऑफिसच्या गेटवरचा वॉचमन, जो माझ्याकडे रोज ओळखपत्र मागतो, तो खुर्चीतून उठायला लागला होता.

शिवाय गाडी आहे तशी ठेवणं शक्यच नव्हतं. कमी वेगात ती आचके द्यायची आणि समोर एक पिवळा दिवा सतत जळायचा. पूर्वीच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. स्क्रू पिळला की कमी-जास्त व्हायचं, गल्लीतला कोणीही उठून पिळायचा. या गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो. हवा किती आली, धूर कसा निघाला हे तो सेन्सरकडून विचारून घेतो आणि तेवढंच पेट्रोल सोडतो. आमच्या इंजिनिअरच्या नव्या नळकांड्याला सेन्सर बसवायला जागाच नव्हती. मग त्याने काय केलं? सेन्सर चिकटपट्टीने चासीला बांधून टाकला. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून. म्हणजे कॉम्प्युटर बिचारा रोज हवा खाणाऱ्या सेन्सरला धूर कसा आहे ते विचारत होता.

तेव्हा एक तर पुढे जायचं, नाही तर मागे. मधे राहता येत नव्हतं.

पुढे जा, असं सांगणारे ऑफिसात भेटले. आमच्या टीमचा लीड मोटरसायकलवाल्यांचा एक ग्रुप चालवतो. ही माणसं रविवारी पहाटे गुडघ्या-कोपरांना ढाली बांधून निघतात, कुठल्यातरी घाटात जाऊन मिसळ खातात आणि परत येतात. तीच मिसळ घराखाली मिळते. बेसमेंटमध्ये माझी गाडी बघून तो दोनदा फेरी मारून आला.

"बेस चांगलाय," तो म्हणाला. "पण अर्धवट सोडू नकोस. फिल्टर बदल, ईसीयू रीमॅप करून घे, म्हणजे त्या कॉम्प्युटरचं सेटिंगच बदलतात. वाघोलीला एक जण लॅपटॉप लावून अर्ध्या तासात करतो. मग बघ कशी पळते. आणि मग ये आमच्याबरोबर."

"आणि परत स्टॉक केली तर? कंपनीने दिली तशी?"

"स्टॉक?" तो असा हसला, जणू मी गाडीला पायडल लावायचं विचारलं होतं. "मग घेतलीस कशाला? स्कूटी घ्यायचीस."

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधते, त्यामुळे मला मित्र कमी आहेत. हाच माणूस स्क्रीनवरच्या एका बटणाचा रंग बदलायचा तर तीन मीटिंगा घेतो, सहा जणांची मान्यता मागतो आणि शुक्रवारी कशालाही हात लावू देत नाही. पण ज्या कॉम्प्युटरच्या भरवशावर घाटात वळण घ्यायचं, तो वाघोलीच्या कुणा अनोळखी माणसाच्या हातात द्यायला याला अर्धा तास पुरतो. वर मलाच विचारतो, घेतलीस कशाला. असल्या लोकांनी उंटावरून शेळ्या हाकाव्यात, मोटरसायकलच्या फंदात पडू नये.

तरी मोह झाला. "मग ये आमच्याबरोबर" हे मला त्या ऑफिसात पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं. दोन-तीन दिवस मी वाघोलीच्या माणसाचा नंबर फोनमध्ये उघडून बघत होते. मग एका संध्याकाळी मावशीचा फोन आला आणि ती काहीच बोलली नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. आई इकडून "आक्का, आक्का" म्हणत राहिली. तिकडे मावसभावाने फोन घेतला आणि सांगितलं, झोपली असेल. मी नंबर पुसून टाकला.

मूळ भाग परत बसवायला गॅरेजमध्ये गेले तर तिथेही तोच तमाशा. गॅरेजवाला मांजरीकडचाच निघाला. सायलेन्सर बसवला, सेन्सर जागेवर गेला, पिवळा दिवा विझला. इंजिन असं शांत झालं की चालू आहे का ते बघायला मी हात लावला. दांडाही बसला. साडीगार्डचं नाव काढताच त्याने पाना खाली ठेवला.

"साडीगार्ड कुनी मागत न्हाय आता, मॅडम. आन् तुमी तर जीन घालता."

"माझ्यासाठी नाही. आईसाठी."

"मग त्यांना सांगा की पदर खोचून बसायला."

बघा, इथेही पदरच. मी त्याला म्हटलं, अहो, तुम्ही फक्त बसवून द्या, मागायला आणि घालायला आम्ही आहोत. त्याच्याकडे एकही नव्हतं. मग रविवारी जुन्या बाजारात गेले. लोखंडाच्या ढिगात, तुटक्या आरशांच्या आणि गंजलेल्या साखळ्यांच्या खाली मला एक साडीगार्ड मिळालं. दुसऱ्याच मॉडेलचं होतं. गॅरेजवाल्याने कुरकुरत पट्टी वाकवून, वेल्डिंग करून बसवलं. दिसत होतं खिडकीचे गज काढून लावल्यासारखं, पण घट्ट होतं. सारं महाभारत चाललं असताना आई एक शब्द बोलली नाही. दुपारी तिचं शिलाई मशीन मात्र चालू असायचं. मला वाटलं, उशांचे अभ्रे.

पुढच्या रविवारी सकाळी मी गाडी काढून पार्किंगमध्ये उभी राहिले आणि फोन केला. "साडीगार्ड बसवलंय, दांडा बसवलाय, आवाज बंद केलाय. आता तरी ये खाली."

आई जिन्यावरून आली ती पंजाबी ड्रेसमध्ये. माझाच जुना, निळा, बाजूच्या शिवणी उसवून कापड जोडलेला. जन्मात मी तिला साडीशिवाय बघितलं नव्हतं. बाबांच्या दिवसांतही नाही, दवाखान्यातही नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दूध घेऊन येत होत्या, त्या पिशवी धरून तशाच थांबल्या. आईने तिकडे बघितलंही नाही.

"हसतील त्यांचे दात दिसतील," ती मला म्हणाली. "गाडी तिरकी कर. पाय टाकू दे."

माझ्या खांद्यावर हात ठेवून, तोंडाने हुश्श करून तिने पाय पलीकडे टाकला आणि दोन्हीकडे पाय सोडून बसली. मागचा दांडा धरला. हलवून बघितला. पुन्हा हलवून बघितला.

"आई, अगं, साडीगार्ड," मी म्हणाले. बावळटासारखी.

"तुला कुणी आणायला सांगितलं होतं?"

"तूच म्हणालीस ना, बसायची नाही म्हणून."

"मग का नाही बसायची, ते विचारलंस?"

मी आरसा उगाच सरळ केला.

"आक्काचा पदर-बिदर काही अडकला नव्हता," आई मागून म्हणाली. "तिने मला दवाखान्यात सांगितलं. एका बाजूला बसली होती, धरायला काही नव्हतं, सरकली. मी तुझ्या बाबांच्या मागे जन्मभर तशीच बसले. दर खड्ड्याला वाटायचं, आता गेले. एकदा म्हटलं त्यांना, दोन्हीकडे पाय टाकून बसते, तर म्हणाले, बायका अशाच बसतात. दांडा लावलास ते चांगलं केलंस. त्याच्यासाठीच थांबले होते. चल."

हडपसर आलं, मागे पडलं. आई ओकली नाही. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी मात्र तिचे गुडघे मला दोन्हीकडून घट्ट आवळायचे, आणि पार झाला की सुटायचे.

मांजरीत दारातच मावसभाऊ भेटला. आईला त्या वेशात बघून तो आधी गाडीकडेच वळला. खाली वाकून सायलेन्सर बघितला, साडीगार्ड बघितलं.

"स्टॉकच ठेवली का गं?" तो म्हणाला. "आन् हे काय लावलंयस जाळीवानी? काढून टाक. गाडी कशी दिसती बघ."

आतल्या खाटेवर त्याची आई पडली होती. मी त्याला ओलांडून आत गेले. उत्तर द्यावं एवढी त्याची लायकी नव्हती.

मावशी फारच लहान झाली होती. तिने डोळे उघडले, आईकडे बघितलं आणि आधी ओळखलंच नाही. मग हात पुढे केला. आई खाटेच्या कडेला टेकली, आणि चाळीस वर्षं कर्वेनगरात राहून कमावलेली भाषा तिने उंबऱ्याबाहेर चपलांजवळ सोडली.

"आक्का, आले गं मी."

"कशावर आलीस?"

"हिच्या गाडीवर. दोन्हीकडं पाय टाकून बसले."

मावशीने सलवारीचं कापड दोन बोटांत धरलं, चोळून बघितलं. जोड कुठे दिलाय ते अंगठ्याने शोधलं.

"पडाया झालं न्हाय?"

"न्हाय. गच बसायला येतं."

मावशी बराच वेळ ते कापड धरून होती. बाहेर मावसभाऊ कुणाला तरी माझ्या साडीगार्डबद्दल हसून सांगत होता.

"मला सुचलंच न्हाय बघ," मावशी म्हणाली.