बाबलीमामा ट्युनिशियाचे अध्यक्ष होतात

नाटक मंडळात किस्से स्टेजवरच्या खिळ्यांसारखे साचतात. ठोकताना कुणी मोजत नाही, अनवाणी चाललं की कळतं! आमच्या कोरगावच्या मंडळाचे माझ्याकडे बरेच आहेत. ऐकणारे हसतात. मी सांगताना खाली बघतो, एवढंच.

*

स्पर्धेसाठी सरांनी नाटक लिहिलं. सर हायस्कुलात इतिहास शिकवतात. हिरो कोण? ट्युनिशियाचा एक पुढारी! फ्रेंचांनी त्याला जेलात टाकलं, त्याने देश सोडवला, मग खुर्चीत बसला तो कायमचाच. शेवटी म्हातारपणी डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, यांच्याने आता होत नाही, आणि त्याला उतरवलं.

बोर्ड वाचून तिठ्यावर एकाने विचारलं, "हो खंयचो? बाजूच्या मांद्र्याचो?"

रोल मिळाला बाबलीमामांना. चाळीस वर्षं दशावतारात राक्षस, तोंडावर कायम काळा बुरखा! मामा म्हणाले, "एकदा तरी माज्या चेडवान माजा तोंड स्टेजवर बघूक व्हया."

पण दशावतारात सुचेल ते बोलायचं असतं. इथे सगळं पाठ! सरांनी दम भरला, "अडखळलात तर रोल सुरेशला." सुरेश गडहिंग्लजचा, जवळच्या तुये गावात फॅक्टरीत कामाला, नाटकात फ्रेंच गव्हर्नर. मामांचा रोल वाचवायला विंगेत प्रॉम्प्टर ठेवला. मी! विश्वासू म्हणून नव्हे, रिकामा होतो म्हणून.

*

तालमीत स्वातंत्र्याचं भाषण आलं. मामा थांबले, विंगेकडे बघितलं. मी गंभीरपणे माझंच एक वाक्य दिलं. मामांनी मूठ वर केली आणि गरजले, "नागरिकहो, उद्यापासून काजूला भाव मिळेल!"

बघायला आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सर उडाले. "ट्युनिशियात काजू? कुणी सांगितलं?"

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माजीच चूक, सर. तोंडाक इला नि बोललंय."

सरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मी स्क्रिप्टमध्ये डोकं घालून पुढचं पान शोधत होतो. पुढचं पान समोरच होतं.

*

जेलचा सीन. बांबूचा पिंजरा, पुठ्ठ्याचं कुलूप. सुरेश गव्हर्नरच्या टोपीत डरकाळी फोडायचा, "ए भावा, आत टाकतोय तुला, बघच!" सर म्हणायचे, "अरे फ्रेंच आहेस तू!" तो म्हणायचा, "मग काय झालं सर, फ्रेंचास्नी राग येत न्हाई व्हय?"

मी पुठ्ठ्याच्या जागी खरं कुलूप लावलं. चावी माझ्या खिशात. सीन संपला, सर म्हणाले, "जेवून या," आणि सगळे पळाले. मीपण पळालो. कोंबडीची शागोती होती, विसरलो.

तासाने आलो तर मामा पिंजऱ्यात, मांडी घालून, संवाद घोकतायत. मी कुलूप काढलं. मामा म्हणाले, "झिला, फ्रेंचांनी जेवाण दिल्यांनी नाय रे."

नंतर कळलं, बांबू नुसते सुंभाने बांधलेले होते. एक लाथ पुरली असती. मामांनी मारली नाही. सेट मोडला असता म्हणे!

*

स्पर्धेचा दिवस. पहिल्या रांगेत मामांची मुलगी, बापाचं तोंड स्टेजवर बघायला. शेवटचा सीन, डॉक्टर विचारतात, "अध्यक्षसाहेब, आज वार कोणता?" इथे मामांचं एक जबरदस्त उत्तर होतं.

मामा थांबले. विंगेकडे बघितलं.

वाक्य माझ्या बोटाखाली होतं. म्हटलं, जरा ताणूया. मनात दहापर्यंत मोजलं. मामा माझ्याकडे बघतायत. ओठ हलतायत, आवाज नाही. डोळे भरले. दहा झाल्यावर मी वाक्य दिलं, तर ते त्यांनी घेतलंच नाही. तसाच पडदा पडला.

मामांना अभिनयाचं पहिलं बक्षीस! परीक्षक म्हणाले, "विसरलेला माणूस इतका खरा आम्ही पाहिला नव्हता." सरांनी माझी पाठ थोपटली, "टायमिंग!"

मामांची मुलगी पेढा देताना म्हणाली, "बाबा घराकडे पण असेच विसरतत नि गप रवतत. थंय कोण बक्षीस देणा नाय."

मला वाटलं, हीपण आमच्यातलीच, मस्करी करतेय. मी दुसरा पेढा मागितला.

*

रविवारी सकाळी देवळात मामांचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. सगळे पांगले. मामा आणि मी चालत तिठ्यावर आलो. मामा थांबले, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "झिला, घराची वाट खंयची?"

म्हटलं, वा! आज मामा माझी फिरकी घेतायत. मीपण विंगेतल्या आवाजात, चेहरा न हलवता म्हटलं, "डावी."

मामांचं घर उजवीकडे. तिठ्यावरून दार दिसतं. डावीकडे नुसता काजूचा डोंगर.

मामा डावीकडे चालू लागले. शाल नीट, छाती पुढे, एकदम अध्यक्ष! मी पोट धरून हसलो. आता वळतील, आता वळतील. वळणापर्यंत गेले, वळणाच्या पलीकडे गेले.

मी धावलो. चढावर गाठलं. "मामा, मस्करी केली मी. घर उजवीकडे आहे."

मामांनी घाम पुसला. नारळ माझ्या हातात दिला.

"असांदे रे. तू सांगलंस म्हणान गेलंय."