बिननावाचा तास

१२ सप्टेंबर २०१९. संघटनेच्या खात्यात ४,३१८ डॉलर आणि ६२ सेंट शिल्लक होते. खजिनदार नॉर्बर्ट स्कालाने हा आकडा सकाळच्या सभेत उभं राहून वाचला, चष्मा काढला आणि खाली बसला. सतरा वर्षं तो असाच उभा राहून वाचत होता, आणि सतरा वर्षं समोरची माणसं असंच कॉफी ढवळत ऐकत होती. फरक इतकाच, की पूर्वी समोर अडीचशे माणसं असत, आता नव्वद होती.

यंदा मात्र वाचून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. हा शेवटचा ताळेबंद. चार वाजता निवडणूक, सव्वाचारला वह्या दुसऱ्याच्या हाती.

नॉर्बर्ट मूळचा हिशेबातलाच माणूस. तांत्रिक कॉलेजात दोन वर्षं जमाखर्च शिकला, मग पशुखाद्याच्या गिरणीत वह्या लिहिल्या. गिरणी बुडाली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. काउंटीच्या बालन्यायालयात जागा निघाली होती. काम कसलं ते त्याला ठाऊक नव्हतं, पगार ठाऊक होता. काम असं निघालं: पोलिसांनी एखादं पोर पकडलं की ते इनटेकला, म्हणजे न्यायालयाच्या दाखल-कक्षाला, फोन करतात आणि विचारतात, याचं काय करू? कोठडीत ठेवू की घरी पाठवू? जज दुसऱ्या दिवशी येतो, वकील त्याच्याही मागून. पण त्या घटकेला ठरवणारा माणूस एकच, फोनवरचा. पुढ्यात छापील फॉर्म, हातात पेन. नॉर्बर्टने चौतीस वर्षं ते पेन धरलं. दर तिसऱ्या आठवड्याला फोनची पाळी. त्या आठवड्यात त्याची बायको आर्लिस दुसऱ्या खोलीत झोपायची. आधी रागाने, पुढे सवयीने.

अशा माणसांची विस्कॉन्सिन राज्यभरची ही संघटना. वर्गणी वर्षाला पस्तीस डॉलर. तिचं मुख्य काम म्हणजे नव्या माणसांना शिकवणं. कायद्याने नव्या इनटेकवाल्याला सहा महिन्यांत तीस तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि लहान काउंट्यांना ते परवडेल अशा पैशांत फक्त संघटना देते. घटनेत एक कलम होतं: चार पदाधिकाऱ्यांपैकी एकाचीही जागा नव्वद दिवस रिकामी राहिली, की संघटना विसर्जित. हे कलम घालणाऱ्याला वाटलं असेल, की पदासाठी रांगा लागतील. खजिनदाराच्या पदासाठी सतरा वर्षांत दुसरा अर्ज आला नव्हता.

यंदा आला होता. गाओनू थाव, वय अठ्ठावीस, उत्तरेकडच्या एका काउंटीत तीन वर्षं इनटेकवर. लाओसमधून आलेल्या मोंग लोकांच्या घरातली, नीटस, कमी बोलणारी. मे महिन्यात नॉर्बर्टने तिला वह्या दाखवल्या तेव्हा तिने दहा मिनिटांत २०१४ सालची एक चूक काढली होती. त्याला इतका आनंद झाला की घरी जाऊन त्याने आर्लिसला विमानाची दोन तिकिटं काढायला सांगितलं. आर्लिसचे गुडघे गेले होते आणि अॅरिझोनात तिच्या बहिणीचं घर होतं. नोव्हेंबरपासून चार महिने तिकडे. फोन नाही, वह्या नाहीत, बर्फ नाही.

जेवणं झाल्यावर दोन वाजता संमेलनातला तो एक तास आला. त्याला सगळे बिननावाचा तास म्हणत. संमेलन भरायचं त्या तळ्याकाठच्या लॉजच्या मागच्या खोलीत खुर्च्या गोल मांडायच्या, फोन आणि कागद बाहेरच्या टेबलावर ठेवायचे, दार लावायचं. मग ज्याला वाटेल त्याने आपला एखादा निर्णय सांगायचा, जो अजून मनातून जात नाही. पोराचं नाव नाही, गाव नाही, काउंटी नाही, साल नाही. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. घरी बायकोला सांगता येत नाही, कचेरीत साहेबाला सांगता येत नाही, म्हणून ही सोय.

नॉर्बर्ट दरवर्षी बसायचा, कधी बोलला नव्हता.

"बोल की रे आता," शेजारचा रॉली डेकर म्हणाला. रॉलीची त्याच्याशी वीस वर्षांची ओळख. "जाता जाता तरी. का तुझं सगळं बरोबरच आलं?"

"आकडे बरोबर आले," नॉर्बर्ट म्हणाला. दोघंतिघं हसले.

आणि मग तो बोलायला लागला. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, साल घेतलं नाही. पण आयुष्य वह्यांत गेलेला माणूस. गोष्ट सांगायची तर आकड्याशिवाय त्याला सांगताच येईना.

"मुलगा तेरा वर्षांचा. तळ्याकाठच्या बंद केबिनचं कुलूप तोडून आत शिरला. नेलं काय, तर मासे धरायचे गळ, एक्केचाळीस डॉलरचे. पोलिसांनी संध्याकाळी पावणेपाचला फोन केला. मी त्याच्या घरी लावला. सातव्या घंटेला उचलला. बहीण होती, पंधरा वर्षांची. आईबापांना इंग्रजी येत नाही, मीच बोलते, म्हणाली. मी म्हटलं, वडील न्यायला येतील का विचार. ती गप्प राहिली, मग म्हणाली, नाही येणार. मला वाटलं बाप शेजारीच उभा आहे. फॉर्मवर दोन चौकोन होते. पालक हजर. पालकांचा नकार. मी दुसऱ्यावर खूण केली."

नॉर्बर्टने चष्मा काढून पुसला.

"जजने दुसऱ्या दिवशी तीच खूण पाहिली. घरचे घेत नाहीत म्हणजे ठेवा. दुभाष्याशिवाय पुढची सुनावणी होईना, आणि दुभाष्या मिळायला वेळ लागला. पोरगं अकरा दिवस आत राहिलं. अकराव्या दिवशी बाप कोर्टात उभा राहिला आणि रडायला लागला. दुभाष्या म्हणाला, हे विचारताहेत मला कुणी बोलावलंच नाही ते का. तेव्हापासून मी नव्यांना शिकवतो, मोठ्या माणसाचा आवाज स्वतःच्या कानाने ऐका. भाषा कळो न कळो, आवाज ऐका. पण त्या दिवशी…"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. गाओनू उठली होती. ती कुणाकडे न बघता दारापाशी गेली, आणि दार तिने इतकं हळू लावलं की नॉर्बर्टला ते बंद झाल्याचं दिसलं, ऐकू आलं नाही.

त्याने फाइलवरचं आडनाव आठवलं. थावच होतं ते. पण मोंगांचं आडनाव म्हणजे कुळाचं नाव; कुळं मोजकी आणि एकेका कुळाची माणसं राज्यात हजारांनी. आडनावावरून त्याने कधी काही जोडलं नव्हतं. आता वजाबाकी केली. त्या फोनला तेरा वर्षं झाली होती. अठ्ठावीसातून तेरा गेले, पंधरा राहिले.

तास संपेपर्यंत तो बसून राहिला, कारण मध्ये उठायचं नाही असा रिवाज होता. मग बाहेर गेला. ती गाड्यांच्या तळावर, स्वतःच्या गाडीला टेकून उभी होती. कोट आत राहिला होता, वारा तळ्यावरून येत होता.

"सात नाही," ती म्हणाली. "नऊ घंटा वाजल्या होत्या. मी मोजत होते. उचलायचाच नाही असं ठरवलं होतं मी."

"गाओनू…"

"तुम्ही आकडे तरी बरोबर सांगा. त्याची हौस आहे ना तुम्हाला?"

नॉर्बर्टने खिशातून हात काढले आणि परत घातले.

"बाबा घरात नव्हतेच," ती म्हणाली. "चीजच्या कारखान्यात दुसरी पाळी, आईसुद्धा. घरात मी आणि धाकटे चार. मी कुणाला विचारणार होते? म्हटलं, नाही येणार. मला वाटलं, तुम्ही ओरडाल नि दोन तासांनी सोडाल त्याला. बाबांना कळायच्या आत घरी आणू. त्यांना कळलं असतं तर त्याला फोडून काढला असता. मग तो रात्री आलाच नाही, आणि मी सांगितलं, मित्राकडे गेलाय. दोन दिवस सांगितलं, नॉर्ब. दोन दिवस."

"तू पंधरा वर्षांची होतीस."

"आणि तुम्ही किती वर्षांचे होता?"

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. पन्नास.

"मी बापाला फोनवर मागायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. मागायला हवं होतं." तिने नाक पुसलं. "तुमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलंत, आवाज ऐका. मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. मनात म्हटलं, केवढा शहाणा माणूस आहे हा. कुणाच्या जिवावर शहाणा झाला ते आज कळलं."

तळावर एक ट्रक आला, वळला, गेला. दोघं तेवढा वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"कसा आहे तो?" नॉर्बर्टने विचारलं.

"ते तुम्ही विचारायचं नाही. इथे नाव घेत नाहीत ना कुणाचं?"

"नाही घेत."

"मग झालं तर." तिने किल्ली काढली, पण दार उघडलं नाही. "मी नोकरी सोडत नाहीये. ती मी त्याच्यासाठीच धरली. फोन घेईन, आवाज ऐकेन, सगळं करेन. पण खजिनदार नाही होणार. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तुमच्यासमोर बसून वह्या समजून घ्यायच्या, तुम्ही आकडे वाचायचे… मला नाही जमणार."

नव्वद दिवसांचं कलम त्याच्या जिभेवर आलं. नव्या वर्गात सोळा पोरंपोरी होती, जानेवारीत शिकायला येणारी. संघटना नसेल तर त्यांना आवाज ऐकायला कोण सांगणार? त्याने ते गिळलं. हे ओझंही तिच्याच खांद्यावर टाकायचं, तर त्या फोनमध्ये आणि यात फरक काय राहिला?

"कोट आणून देऊ का आतून?" त्याने विचारलं.

"मी घेईन माझा मी."

चार वाजता अध्यक्ष बेव्ह टॉर्गरसनने चिठ्ठी वाचली. "गाओनूने नाव मागे घेतलंय, घरगुती कारण. आणखी कुणी? अरे बोला ना. पगार नाही, मान नाही, पण वह्या मात्र भरपूर आहेत."

हसू आलं आणि विरलं. माणसं टेबलावरच्या तळलेल्या चीजकडे बघू लागली.

"रॉली?"

"मी? मला माझी बायको वाणसामानाचे पैसेसुद्धा हातात देत नाही!"

बेव्हने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नॉर्बर्टचा हात वर गेला. तो वर नेताना त्याला तो जड वाटला, भरलेली बादली उचलावी तसा. टाळ्या बऱ्याच वाजल्या. सगळ्यांत जास्त रॉलीने वाजवल्या.

मग त्याने व्हरांड्यातून घरी फोन लावला.

"कोण गेलं?" आर्लिसने विचारलं. या वेळी फोन आला की ती असंच विचारी.

"कुणी नाही."

"मग तूच राहिलास ना खजिनदार?"

"एक वर्ष, आर्लिस. जानेवारीचा वर्ग आहे, त्याआधी हिशेब…"

"मला नको सांगू वर्ग." मागे रेडिओ चालू होता. "मी तिकीट रद्द करत नाहीये, नॉर्बर्ट. माझं. तुझं तू बघ."

"तू जा. मी ख्रिसमसला येतो चार दिवस."

"ये. नाहीतर नको येऊस. जेवलास का?"

"जेवलो."

तो आत आला तेव्हा बेव्ह खुर्च्या रचत होती. त्याने तिला थांबवलं.

"माझ्याकडून बिननावाच्या तासाचा नियम मोडला. मी सांगितलं त्यावरून पोरगा ओळखला गेला."

"कुणी ओळखला?"

"ते सांगता येत नाही."

"मग मला काय कळणार? अरे सोड नॉर्ब, दमलास तू. जा घरी."

"दहा डॉलर दंड आहे, प्रशिक्षण निधीत. कलम नऊ."

"आजवर कुणी भरलाय तो?"

"नाही."

बेव्हने खुर्ची खाली ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग काही न विचारता पावतीपुस्तक पुढे केलं. नॉर्बर्टने पाकीट उघडलं. सात डॉलर निघाले. सातची पावती त्याने स्वतःच फाडली, वहीत स्वतःच्या नावावर पान उघडलं, तारीख घातली.

नॉर्बर्ट स्काला यांच्याकडून संघटनेला तीन डॉलर येणे बाकी आहेत.