देवजीचे साठ रुपये

देवजीला सौद्यात खोट खाणं ठाऊकच नव्हतं. म्हणजे खात होता, चार माणसं खातात तशीच. पण कबूल करील तर शपथ! बाजारातून किडकी वांगी आली तर "मुद्दाम आणली, बियाला" म्हणून सांगणारा गडी. सिद्धगडाच्या पायथ्याला त्याची भातशेती होती आणि देवजी कुठं फसत नाय, असा गावात लौकिक होता.

मंदीच्या आधी साठ रुपयांना घेतलेला बैल त्यानं ऐन मंदीत म्हसेच्या जत्रेत विकायला नेला. तिथं जनावराचा सौदा फडक्याखाली. हातावर उपरणं टाकायचं, आत बोटं दाबून भाव सांगायचा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. देवजीच्या हातात बेचाळीस दाबले गेले. जत्रेत तोच भाव चालला होता. त्यानं बैल दिला आणि घरी येऊन बायकोला, सुंदराला सांगितलं, "साठला दिला. पै कमी नाय." उपरण्याखाली कोण बघायला गेलंय!

पुढच्याच पावसाळ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा, वत्सलाचा नवरा गेला. सापगावात ती एकटी राहिली, आणि दावणीला एक बैल. वत्सला बाई खमकी. बैल विकायचा, गावातलीच एक म्हैस चाळीसला मिळत होती ती घ्यायची आणि शहापुरात दुधाचे रतीब घालायचे, असं तिनं ठरवलं.

"भावाच्या दारात भाकरी मोडणार नाय मी," ती म्हणाली. बैलाचा कासरा देवजीच्या हाती देताना तिनं बजावलं, "दादा, तुझ्या बैलाला साठ आले. माझा तर तरणा हाये. साठाच्या खाली देऊ नको हां."

जत्रेत पहिल्याच गिऱ्हाईकानं पंचेचाळीस दाबले. म्हैस येऊन वर पाच उरत होते. पण पंचेचाळीस घेऊन गेलं तर वत्सला विचारणार, तुझ्याला साठ कसे आले? पदरचे पंधरा घालावेत, असंही मनात आलं. आलं तसं गेलं. आणि खरं सांगायचं तर वर्षभर साठ, साठ म्हणून त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं. त्यानं हात हिसडला. "बैल मागतोस का शेळी?"

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस आले, तिसऱ्या दिवशी चाळीस. पंचेचाळीसला नाही म्हटलेला बैल चाळीसला द्यायचा कोणत्या तोंडानं? देवजी बैल घेऊन परत आला आणि वत्सलाला म्हणाला, "पंचेचाळीसच्या वर कोणी जाईना. नाय दिला." जत्रेतून बैलानं बुळकांडीचा रोग आणला होता. पंधरा दिवसांत तो गेला. म्हैस दुसऱ्यानं नेली.

होळीच्या आधी वत्सला बोचकं घेऊन भावाच्या दारात आली. आता ती पहाटे उठून भात कांडते, आणि तांदळात कणी दिसली की सुंदरा ऐकवते. वत्सला उलट बोलत नाही. सापगावातली वत्सला ही नव्हेच.

एकदा शेजारची गंगी ओटीवर टेकली आणि म्हणाली, "मिळंल त्या भावाला द्यायचा होता गो बैल. म्हैस तरी आली असती."

वत्सलानं मुसळ खाली ठेवलं. "काय बोलतेस? माझा दादा होता म्हणून. दुसरा कोणी असता तर पंचेचाळीसला फुकून आला असता. माझ्या मालाची किंमत त्यानं जाऊ दिली नाय."

देवजी अंगणात दोर वळत होता. त्याला लाज वाटली, चांगली पोटातून वाटली. सांगून टाकावं म्हणून तो उठला, ओटीपर्यंत आला. दोघी त्याच्याकडे बघायला लागल्या.

"पंचेचाळीस!" देवजी म्हणाला. "माझ्या बहिणीचा बैल काय रस्त्यावर पडला होता?"

वत्सलानं गंगीकडे पाहिलं, बघ, म्हणाली, आणि पुन्हा मुसळ उचललं.